पत्ता अपुरा

पहिला शब्द फुटला तो "पाणी".
अच्युतने तो मराठीत ऐकला,
सिस्टर हंसाने गुजरातीत,
आणि दोघं एकदमच पेल्याकडे धावले.

पुढचे आठ दिवस मात्र जे आलं ते गुजराती.
बारी. खुरसी. केटला वाग्या.
एकतीस वर्षं दांडिया बाजारच्या पोस्टात
खिडकीमागे बसून तिकिटं विकली,
तिथली भाषा न बोलावता ड्यूटीवर हजर.
घरची आली नाही.
जिच्यात भांडले, बाळंतपणात ओरडले,
दूधवाल्याचे खाडे मनात मोजले,
ती डोक्यातल्या कुठल्याशा खणात पडून,
शेरा मारलेला: पत्ता अपुरा.

साडेदहाला किंजल येते, चित्रांचा गठ्ठा घेऊन.
मांजर दाखवते.
"बिलाडी," मी.
"सरस, माशी!" टाळी वाजवते पोरगी.
अच्युत पंख्याकडे बघत राहतो.
त्याला मांजर हवं असतं.
चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात
आम्ही कधी मांजर पाळलं नाही, तरी.

उजवा हात पांघरुणावर.
रजिस्टर पार्सलसारखा:
सही केल्याशिवाय ताब्यात मिळत नाही,
आणि सही करायची ती ह्याच हाताने.

शेजारच्या खाटेवर डभोईच्या धनीबेन.
त्यांची डावी बाजू गेली, माझी उजवी.
दोघी मिळून एक बाई धड आहे, असं त्याच म्हणाल्या,
आणि इतक्या हसल्या की सलाईनची सुई निसटली,
मग दोघींनी मिळून बोलणी खाल्ली.

रात्री वॉर्डात कुणी ना कुणी मोजत असतं.
गोळ्या, पैसे, गावाकडची शेवटची बस.
मी एक ते दहा मोजते.
सातपाशी दर वेळी रस्ता संपतो.

अकराव्या दिवशी माझी वेणी घातली,
त्यांच्या उजव्या आणि माझ्या डाव्या हाताने.
तीन पेड, दोन हात, दोन मालकिणी.
मधला पेड सारखा सुटत होता,
चौथ्यांदा सुटला तेव्हा माझ्या तोंडून निघालं,
"मेल्या, थांब की जरा!"

थर्मासचं झाकण खाली पडलं.
अच्युत उभा होता दारात.
त्याला वाटलं, त्यालाच म्हटलं.
एवढ्या वर्षांत त्या शब्दावर कधी
असा चेहरा केला नव्हता त्याने.
"पुन्हा म्हण," म्हणाला.
ते काही जमलं नाही.

घरी सोडायच्या दिवशी हंसा पायऱ्यांपर्यंत आली.
सवयीने तोंड उघडलं, "आव..."
आणि जीभ चावली.
दवाखान्यातून निघणाऱ्याला
या म्हणून कसं सांगायचं?
आमच्यातही "येते" म्हणूनच उंबरा ओलांडायचा,
दुसरा शब्द अशुभ.
आईने एकदा त्यावरून पाठीत धपाटा घातला होता.

दोघी उभ्या, शब्द तोंडात धरून.
मंगळवारी व्यायामाला इथेच यायचंय,
हे दोघींनाही ठाऊक.

"जाते," मी म्हटलं.
स्पष्ट. एकाही अक्षराला न अडखळता.
हंसा हसली. अच्युत दचकला.

रिक्षात त्याने हळूच विचारलं,
"ते चुकून आलं की..."
काळ्या घोड्यापाशी सिग्नल लाल होता.
मी उत्तर शोधत होते,
दोन्ही भाषांत.
हिरवा झाला.