आधी वेणी

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला
जुन्या मासिकांतली चित्रं कापायला दिली.
कात्र्या बोथट, लहान मुलांच्या असतात तशा.
हेडविग म्हणाली, तीस वर्षं मोज्यांच्या गिरणीत काढली,
एक बोटही दिलं,
आता बालवाडीत घातलं सरकारनं.

मग बाहुल्या.
म्हणजे आधी नुसतं मांजरपाट, ठाणच्या ठाण,
मग कापूस, मग लोकरीच्या लडी.
मिस लिंडक्विस्ट, वय बावीस,
फळ्याला नमुना टाचून म्हणाली,
टीप अशी हवी
की पाय धरून आपटली तरी उसवणार नाही.
ऑर्डेलिया मागून पुटपुटली,
पोरीला पोरं नाहीत, पण पोरं ठाऊक आहेत.

ऑर्डेलिया मिसिसिपीची. कापूस वेचायची.
आता तोच लाकडी पळीनं बाहुलीच्या पोटात ठासते.
जन्मभर बाहेर काढला, म्हणते,
जा आता परत आत.

माझ्याकडे डोळे आले.
निळा दोरा, तपकिरी दोरा,
दिवसाला बावीस. म्हणजे अकराच जणी.
मिलवॉकीच्या तळ्यावरून वारा येतो तेव्हा
सुई बोटांत आहे की नाही हे बघून कळतं.

नियम भिंतीवर लावलेत.
बाहुली विकायची नाही. घरी न्यायची नाही.
ती इस्पितळाची, अनाथाश्रमाची, शाळेची.
चिंध्यासुद्धा संध्याकाळी वजन करून परत.
आणि घरी चौकशीवाली बाई येते,
कपाटात वाकून बटाटे मोजते,
काझिमिएश तिच्यासाठी खुर्ची पुसतो.
त्याची छाती फाउंड्रीनं ठेवून घेतली,
खोकला तेवढा परत केला.

युझिया मला दारातच अडवते.
स्वेटरला चिकटलेले लोकरीचे धागे
उवा वेचाव्यात तशी मन लावून वेचते,
पिवळा, तांबूस, काळा, पुन्हा पिवळा,
काड्यापेटीत ठेवते.
धाग्यांबद्दल भिंतीवर काही लिहिलेलं नाही.
मी दोनदा वाचून घेतलंय, म्हणजे
ऑर्डेलियाकडून वाचवून.

फेब्रुवारी संपता संपता करंगळीएवढी वेणी झाली.
बाहुली नाही. वेणी आहे.
तिला ती रोज विंचरते, टोकाला गाठ मारते,
आणि काल विचारलं,
हिला डोळे कुठले लावशील?

मी म्हटलं, झोप आधी.

रात्री बोटं थांबत नाहीत,
गोधडीवर टाके घालत राहतात.
काझिमिएश अंधारात विचारतो,
किती झाले आज?
बावीस.
मिटले का?
नाही, म्हणते, आमचे डोळे मिटणारे नसतात,
ते महागातल्या बाहुल्यांचे.
तो हसायला जातो, आणि खोकला लागतो,
आणि मी उठून पाणी आणते.