समानार्थी रकाना

तीन शहरांतली तीन खाती आता एक करायचीत.
लूव्हेनला केळी काचेच्या नळ्यांत झोपवलेल्या,
माँपेल्येला त्यांची अक्षरं,
आणि इथे कंपालात, माझ्या टेबलावर,
चहाचे डाग पडलेल्या वह्या:
कुणाच्या परसातली, कुठल्या उतारावरची,
घड किती फण्यांचा.

दुपारपर्यंत संगणकाने चारशे जोड्या जुळवल्या.
चारशे एकावी अडली.
नावं दोन, परस एकच,
बुशेन्यीच्या वरच्या अंगाला कोबुसिंग्येबाईचं.
अकरा गुणसूत्रं, तीन-तीन प्रती,
आणि मोजण्याजोगा फरक शून्य.
लाल पट्टी विचारते: एक नोंद पुसू?

फोन लावला. मागे बकऱ्या,
कुणीतरी भांडी घासत होतं.
"एकच कशी असतील?
एक चुलीमागची, माझी.
दुसरी कातुसिमेची."

कातुसिमे धाकटी बहीण.
लग्न होऊन तळ्यापलीकडे गेली तेव्हा
घमेल्यात तीन मुनवे घेऊन गेली,
ह्याच चुलीमागचे.
बावीस वर्षांनी तिचा दीर आला.
सायकलच्या कॅरिअरला ओलं गोणपाट,
गोणपाटात एक मुनवा.
माणूस तिकडेच पुरलं, म्हणाला. हे तुमचं.

"ती मी वेगळी लावलीय, पायवाटेकडे.
तिचा घड वेगळ्या भांड्यात शिजवते."
आणि चव?
ती जरा थांबली.
"चव तीच आहे गं. मी कुठे नाही म्हणतेय."

केळीला बी नसतं.
आई, लेक, नात असं आपण म्हणतो;
असते ती एकच बाई,
जागा बदलत चाललेली.
यंत्राचं काही चुकलेलं नाही.

मी नोंदी एक केल्या.
क्रमांक एकच ठेवला, नियम तसा आहे.
मग विचारलं, दुसरीचं नाव नीट सांगा,
आणि तिने तिच्या भाषेत एक लांबलचक नाव सांगितलं.
मी अर्थ लिहायला घेतला: तिच्याबरोबर गेली, तिच्याविना आली.

समानार्थी रकाना आखूड आहे.
पडद्यावर उरलं
तिच्याबरोबर गेली, तिच्यावि

ओगवांग म्हणतो, रकाना वाढवून देईन,
पुढच्या आठवड्यात, सर्व्हर मोकळा झाला की.
तोवर चारशे दोनावी जोडी आलीय.
फरक नऊ हजार अक्षरांचा.
नाव एकच.