दहा ते सहा खोत

गेटच्या आत अठराशे ऐंशी साल आहे,
बाहेर पार्किंगचे तीस रुपये.

देवगडच्या अलीकडे, कातळ फोडून वसवलंय हे गाव:
सात घरं, एक घाणा, एक लोहारसाळ,
गवताच्या छपराखाली पत्रा,
कारण पावसाला नाटक कळत नाही.
आणि एक विहीर, जिच्यात रोज साडेनऊला
पाइप सोडून आम्हीच पाणी भरतो,
सुमन मेस्त्रीणीला ते दिवसभर शेंदता यावं म्हणून.
सुमनच्या घरी टँकर येतो, तिसऱ्या दिवशी.

लोहार आहे तो लोहार नाही,
कणकवलीला मोबाईल दुरुस्त करायचा.
आता भाता ओढतो, म्हणतो,
लोखंड बरं, तापलं की दिसतं तरी.

मला खोत केलं ते मिशीमुळे.
मालकांनी चौघांना ओळीत उभं केलं,
माझ्यावर बोट ठेवलं: हा शोभतो.
मग लाल पगडी, उपरणं, हातात अडकित्ता,
आणि अंगरख्याच्या आत बांधायला एक उशी.
तेवढं पोट
आमच्या घराण्यात कोणाला आलेलं नाही.

झोपाळ्यावर बसायचं. सहल आली की म्हणायचं,
"काय रे, मक्त्याचं भात कधी घालणार?"
दिगंबर कुळ होऊन वाकतो. पोरं हसतात.
बाई सांगतात, लिहून घ्या,
अर्धेल म्हणजे अर्धं.

माझे आजोबा हे न लिहिता शिकले.
खरं खळं कुठे होतं, कसं होतं, ते मालकांनी
माझ्या बापाला गाडीत घालून आणून विचारलं.
बाप बराच वेळ कातळावर फिरला,
मग पायाने एक रेघ ओढली.
"हयसर उभ्या रवाचा. ह्येच्या फुडे पाय नाय."
आर्किटेक्टने तिथे चिरा बसवला,
नकाशात त्याला नंबर दिला, चौदा.

मे महिना होता, दुपार.
एक कुटुंब आलं, पाण्याच्या बाटल्या, टोप्या,
बुटांसकट ओसरीवर चढलं,
पोरगं माझ्या पगडीला हात लावून गेलं.
चिऱ्याशी एकटी म्हातारी थांबली.
ऐंशीच्या पुढची. काठी बगलेत घेतली,
वाकून चपला काढल्या,
बाजूला नीट जोडून ठेवल्या.
कातळ तापलेला. ती एक पाय उचलायची, टेकायची,
मग दुसरा.
माझ्याकडे बघत नव्हती. खाली बघत होती,
जिथे बघायचं असतं तिथे.

याला संवाद नाही मला दिलेला.
उठलो. खोताने उठायचं नसतं.
उशी सरकली, तशीच धरून पायऱ्या उतरलो.
"आज्ये, चप्पल घाल गे, पाय पोळतले.
मी सूर्या. ठुकरुलांचो. भिवाचो नातू.
ह्या सगळा नाटक आसा."

तिने पहिल्यांदा मान वर केली.
मिशी बघितली, उशी बघितली.
"माका म्हायत आसा रे, बाबा," ती म्हणाली,
"पायांका खंय म्हायत?"

नातू मोबाईल काढून मागे मागे सरकत होता,
आजी, एक फोटो, खोतासोबत.
तिने ऐकलंच नाही.
चिरा ओलांडला, अगदी सावकाश,
पाण्यात उतरतात तसा,
ओसरी चढली, झोपाळ्याची कडी हलवून बघितली.
"ह्यो हालता काय?"
हालतो, म्हटलं.
ती बसली. पोळलेल्या पावलाने एकदा रेटा दिला,
मग आणखी एकदा, जोरात,
कड्या कुरकुरल्या, पानाचा डबा आडवा झाला,
आणि मी चौदा नंबरच्या चिऱ्यापाशी
पगडी घालून, तिच्या चपला हातात घेऊन
उभा होतो.

वॉकीटॉकी खरखरली:
खोत जागेवर दिसत नाहीत, खोत कुठे आहेत?
दिगंबराने, अजून वाकलेलाच होता तो,
कमरेचं बटण दाबून सांगितलं,
खोत जेवूक गेले.