डीपी बंद असताना

बोरव्ह्याच्या डीपीचा फ्यूज मी काढला
तेव्हा महादेवाच्या देवळात
कुणाचा तरी तंबोरा अर्ध्यावर मेला.
तंबोरा म्हणजे डबा, विजेवरचा,
टिफिनएवढा.

एक पोरगी धावत खांबाखाली आली :
"लाइनमनभाऊ, बुवा बोलावून राहिले.
तुमीच बंद केला, आता तुमीच या म्हन्ते."

रौफ तार आणायला दर्यापूरला गेलेला.
तास लागणार होता. गेलो.

त्र्यंबकबुवा भाचीकडं आलेले, दोन दिवसांसाठी.
चैतातली उकड, डोळ्याला डोळा नाही,
म्हणून संध्याकाळी जो दिसला त्याला बसवला :
किराण्यावाले डहाके, अंगणवाडीच्या कुंदाताई,
पराटीच्या मोळ्या पायरीशी टाकून दोघे बापलेक.
यमन. शिवस्तुती. चौताल,
जो कुणालाच येत नव्हता,
आणि पखवाजाच्या जागी तेलाचा पिंप.

"मले गाणं येत नाही जी."
"गाणं कोण मागते? सा धर. निस्ता सा.
तार धरतो तसा. घट्ट, पण दाबू नको."

हातमोजे काढून बसलो.
शाळेत गुरुजींनी मला सांगितलं होतं,
प्रार्थनेला तू फक्त ओठ हलव.
एकतीस वर्षं मी ते पाळलं.

पहिला सा खोकल्यात गेला.
दुसरा लागला की नाही, कळलं नाही,
पण बाकीचे त्याच्यावर पाय ठेवून चढले,
थेट तीव्र मध्यमापर्यंत,
आणि मी हललो नाही.
शिडी धरणाऱ्याला ठाऊक असतं,
वर काय चाललंय ते बघायचं नसतं.

मग श्वास संपला.
वाटलं, आता सगळे धाडकन खाली.
तर कुंदाताईंनी, माझ्याकडं न बघता,
तो सा उचलला,
माझी छाती भरेस्तोवर कडेवर घेतला,
परत दिला.

एक समई. वटवाघळं.
बाहेर अख्खं गाव बिनापंख्याचं
आणि एकही फोन नाही.
(नंतर पाहिलं तर अकरा होते.)

तिकडं रौफनं फ्यूज बसवला असावा.
दिवे एकदम आले, डबा बोलू लागला,
आणि आम्ही दचकलो :
त्याचा सा आमच्याहून वर, चांगला अर्धा सूर.
कधी घसरलो? आधी कोण?
कुणाला सांगता येईना.
सगळे मिळून उतरलो होतो,
एकमेकांना धरून, न कळता.

बुवांनी दोन्ही सा ऐकले, डोळे मिटून.
मग डब्याची पिन उपटली.
"चालू द्या," म्हणाले,
"डबा चढला."