चार वाजताची नोंद

केसपेपरची नक्कल मिळाली एकेचाळीस दिवसांनी.
तीन अर्ज, दोनशे दहा रुपये,
आणि खिडकीवरच्या माणसाचं रोजचं 'नाळे बर्री', उद्या या.

पान सहा. पहाटे चार:
बीपी एकशेदहा-सत्तर, पेशंट शांत झोपलेली.

रेणुका तीन पंचवीसला गेली होती.
चार वाजता मी बाहेर पायरीवर
तिच्या चपला पिशवीत घालत होतो.
एकच सापडत होती.

उद्यमबागेत मी लेथवर रिंगा काढतो.
केसभर फरकानं जॉब बाद झाला
तरी कार्डावर पाळी, मशीन, ऑपरेटर, सगळं लागतं.
माझ्या नावावर अकरा आहेत.
एकही नाकारलेली नाही.

तिच्या फाइलवर लाल शाईत होतं:
पेनिसिलिन चालत नाही.
शिवाय मी तोंडानं सांगितलेलं,
एकदा मराठीत, एकदा मोडक्या कन्नडात.

समिती बसली, चहा प्याली,
'अनपेक्षित गुंतागुंत' लिहून उठली.

फक्त रात्रपाळीची सिस्टर,
माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची,
सायकल स्टँडपाशी गाठून म्हणाली,
'तप्पाय्तु, अण्णा.'

चूक झाली.
खानापूर येईपर्यंत एसटीत तेच घोळवत होतो.
दोन्ही भाषांत सारखंच की:
चूक आपली आपण होते,
करणारा कुणी लागत नाही.

तिचं नाव मी अजून कुठं दिलेलं नाही.
सुई तिच्या हातात होती, खरं आहे.
पण चारची नोंद
दुसऱ्याच अक्षरात आहे.