जिभेखाली

वास्कोत, रुळांपलीकडची खोली.
खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं की कोळसा येतो.
सकाळी पुसला तरी अकरापर्यंत पुन्हा.
त्याच कडेवर मी तक्ता टेकवून लिहितो.

सिस्टर इर्मेलिंडा गोळी कुटते, चमच्यावर घेते,
जीभ वर. अजून वर.
मग सात मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही.
कडू असते. तिला सांगून उपयोग नाही,
तिने एकदा चाखून बघितली आहे.

म्हणून माझे प्रश्न गोळीच्या आधी.

कायतान म्हणतो, लिही, तारवटी.
बोट त्याला सोडून गेली त्याला नऊ वर्षं झाली.
कंबर मोडली ती डर्बनला की अँटवर्पला, रोज बदलतं,
आणि दुखण्यावरची ती पहिली पांढरी गोळी
कुणी दिली तेही.
रकाना आहे 'सध्याचा व्यवसाय'.
मी लिहितो, तारवटी.

शेवंती पावणेएकला येते, पुरुष निघून गेल्यावर.
घरी माहीत आहे की ती प्रेशरच्या गोळीला जाते.
'कोणासोबत राहता?'
'भाड्यानं,' ती म्हणते,
आणि पदराने कडेवरचा कोळसा पुसून टाकते,
जणू प्रश्न तिथेच सांडला होता.

'कोणामुळे सुरुवात?'
प्रजोत माझ्याकडे बघून हसतो.
'मित्रामुळे, लिही.'
तो मित्र मी.
नावाला जागा नाही तक्त्यात.
तक्ता कुणी केला, देव त्याचं भलं करो.

(अनुक्रमांक चौदा माझा. शिक्षण बारावी,
व्यवसाय हाच, तक्ते भरणं.
माझी सात मिनिटं सगळ्यांच्या आधी,
दार उघडायच्या अगोदर.)

मार्चमध्ये पणजीहून मॅडम आल्या, आकडे घेऊन गेल्या.
सरासरी वय एकतीस. आठवी पास. अविवाहित.
आमच्यात एकतीसचं कुणीच नाही.
तरी मी कधी कधी दाराकडे बघतो,
येईल तो, आठवी पास, एकटा,
चप्पल बाहेर काढून,
आणि आम्ही विचारू, तू कुणाचा रे?

काल रुद्रगौडा पोदेर घाईत होता.
सायकल दाराशी, पावांवर निळं प्लास्टिक,
उंडे निवत चाललेले.
जिभेखाली चूर्ण, तोंड मिटलेलं, नजर घड्याळावर.
तिसऱ्या मिनिटाला रस्त्यावरून एक म्हातारी ओरडली,
'पोदेर! आरे पोदेर!'
आता काय करणार?
उठला, दारातून हात लांब केला,
आणि भोंगा दाबला. एकदाच.
पोंऽ.

म्हातारी म्हणाली, 'हां, मग थांबते.'

आणि बाकावरचे सहा जण
तोंड न उघडता हसायला लागले,
खांदे हलताहेत, डोळ्यांत पाणी,
कायतानने कंबर धरलेली,
प्रजोतच्या ओठातून एक पांढरी धार
हनुवटीपर्यंत आली.

सिस्टरने ती पाहिली.
घड्याळाकडे पाहिलं.
मग खिडकीबाहेर, बराच वेळ.