शेवटचा र

बरबँकमध्ये तिसऱ्या मजल्यावर
मी नटांना 'र' शिकवते.
तासाला एकशे चाळीस डॉलर, पार्किंग वेगळं.

मार्चमध्ये एड्रियन थ्वेट आला.
क्लीथॉर्प्सचा, वय त्रेपन्न,
दोन्ही गुडघे कामातून गेलेले.
वीस वर्षं पडत होतो, म्हणाला.
शिडीवरून, होडीतून, लग्नाच्या केकात,
एकदा तर थेट बिशपच्या मांडीत.
तोंडघशी पडायचे पैसे मिळायचे,
आणि वर देश हसायचा.

आता त्याला ओहायोतला शेरीफ व्हायचं होतं,
ज्याची मुलगी नदीत सापडते,
पहिल्याच भागात, जाहिरातींच्या आधी.

अडलं होतं एकाच शब्दाशी. डॉटर.
त्याच्या गावात शब्दाच्या टोकाचा र कुणी उच्चारत नाही,
कपाच्या तळाशी उरलेल्या चहासारखा
सोडून देतात.
"जीभ मागे वळव," मी सांगायची,
"टाळूला टेकवू नकोस, नुसती धाकात ठेव."
तो ठेवायचा. जीभ निसटायची.
मग स्वतःच्याच जिभेकडे असा बघायचा
की मला पाठ फिरवून हसावं लागायचं.

आठ आठवडे. माय डॉटर. माय डॉटर.
गाडीत, टॅकोच्या रांगेत,
भाड्याच्या घरामागच्या कोरड्या तलावाच्या काठावर, रात्री.
शेजारच्या अवेडिसियनबाईंनी कुंपणापलीकडून ऐकलं
आणि चौथ्या दिवशी द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात घेऊन आल्या,
डोळे पुसत.
तो काय बोलणार? ताट घेतलं,
आणि पक्क्या अमेरिकी र मध्ये आभार मानले.
दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, भात उत्तम होता,
पण घशाखाली उतरेना.

शूटिंगच्या आदल्या रात्री मी त्याचं जुनं काम पाहिलं.
पँट घसरलेली, हातात टर्की, समोर जिना.
पडण्याआधी तो थांबतो.
दोन मात्रा. जास्त नाही.
कुणी मागून नावानं हाक मारावी तसा.
मग पडतो.

शवागाराचा सेट होता.
चादरीखाली कॉलेजातली एक एक्स्ट्रा,
तिला शिंक आवरत नव्हती.
तो दारातून आला.
चादर वर झाली.
तो थांबला.
एक. दोन.
मी मॉनिटरमागे बसलेली, हेडफोन कानाला,
आणि माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले,
त्याला धरायला.

तो पडला नाही.
"माय डॉटर," म्हणाला,
आणि शेवटचा र आलाच नाही.
आठ आठवडे, अकरा हजारांचं बिल,
सगळं कुठं गेलं कोण जाणे.
क्लीथॉर्प्सचा तो उघडा, बोडका शब्द
तसाच टेबलावर राहिला.

दिग्दर्शिकेनं माझ्याकडे बघितलं.
चूक दाखवायचेच मला पैसे मिळतात.
मी हात वर केला नाही.
बिल मात्र पूर्ण लावलं.

ऑक्टोबरमध्ये त्याच्या आईनं तो भाग पाहिला,
वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये, मैत्रिणींना जमवून.
तो दारात थांबला तेव्हाच, म्हणे,
बायका हसायला लागल्या होत्या,
पोटं धरून, आता पडेल, आता पडेल.
नंतर आईचा फोन आला:
छान केलंस रे,
पण माझा मधेच डोळा लागला बघ. कधी पडलास?

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, अगदी शेवटी.
चांगला पडलो."